ऐकवला एक, दिला दुसराच

परवा सकाळी पेपरातून एक पत्रक पडलं. 'भव्य इलेक्ट्रॉनिक्स सेल, फक्त ४ दिवस', ठिकाण तासगाव. नाव निराळं होतं, पण फोटो मी फसले त्या सेलचाच आणि खालची ओळही तीच: 'कस्टममधून सुटलेला माल, निम्म्या किमतीत'. आता लाज बाजूला ठेवून लिहायलाच हवं.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि वीस वर्षं घरी पेटीच्या शिकवण्या घेते. म्हणजे जिचं पोटच कानावर चालतं, ती बाई हेडफोन घेताना फसली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लेकीसाठी आम्ही यामाहाचा पी-४५ हा डिजिटल पियानो घेतला आहे. ८८ पट्ट्या, मागच्या बाजूला हेडफोनचं एकच भोक, तेही जाड पिनेचं, ६.३ मिलिमीटरवालं. क्लास आटोपून तिला बसायला रात्रीचे दहा वाजतात, आणि भिंतीपलीकडे शेजारचे काका नऊलाच झोपतात. त्यामुळे हेडफोनला पर्याय नव्हता.

पहिल्यांदा भाच्यानं त्याचा ब्लूटूथ हेडफोन आणि भोकात खुपसायचा एक ट्रान्समीटर आणून दिला. लेक वाजवायला बसली आणि पाचव्या मिनिटाला रडकुंडीला आली. पट्टी आत्ता दाबायची आणि सूर मागनं येणार! मी ताल मोजणारी बाई, हिशेब केला. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथला २०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो, म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. गाणी ऐकायला ते चालतं, वाजवायला नाही. तेव्हा वायरचाच घ्यायचा हे ठरलं.

मग मी रीतसर अभ्यास केला. हेडफोनचे कानावरचे कप मागून जाळीदार असले तर आवाज मोकळा लागतो, पण तो बाहेरही सांडतो. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरात कप बंदच हवेत. दुसरं म्हणजे ओहम, हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. स्टुडिओतल्या माणसांचे २५० ओहमचे हेडफोन पियानोला थेट जोडले तर आवाज दबकाच येऊ शकतो, साधारण ३० ते ८० मधले बरे. असं करत करत ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सवर येऊन थांबले. बंद कप, ३८ ओहम, आत ४५ मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर. किंमत मात्र बघून गप्प बसले.

आणि त्याच आठवड्यात जवळच्या एका मंगल कार्यालयात तो सेल लागला. टेबलावर मिक्सर, ट्रिमर, मसाजर आणि त्या गर्दीत नेमका हाच हेडफोन. साडेसहा हजार. ऑनलाइन बघितल्याच्या जवळपास निम्मी किंमत.

तिथला पोरगा लाघवी होता. त्यानं त्याच्या मोबाइलवर ढोलांचं काहीतरी दणदणीत लावलं. मी म्हटलं, "असं नको बाळा, माझ्या फोनवरची नुसती तानपुऱ्याची जवारी ऐकव." ऐकली, तारांची ती घुमती गुंज. काय सुरेख होती! खर्जाची तार छातीत उतरत होती, वरचे स्वर सुटे सुटे दिसत होते. शेजारच्याच मिरजेचे सतार-तानपुरे जगभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ती जवारी ऐकत मोठी झालेली मी. कानाला पटलं, विषय संपला.

इथंच माझं चुकलं. मी ऐकला तो टेबलावरचा डेमो पीस. तो खराच असणार, असं आज वाटतं. पैसे दिल्यावर पोरगा म्हणाला, "ताई, हाताळलेला कशाला नेताय, तुम्हाला सीलपॅक देतो." मला उलट बरंच वाटलं. टेबलाखालून प्लॅस्टिक गुंडाळलेला डबा आला. मी तिथं तो फोडला नाही. मागं चारजण उभे होते, कशाला खोळंबा करायचा!

घरी उघडला तर आत एकच वायर. कंपनीच्या पेटीत तीन येतात, हे मी वाचलं होतं. मनाशी म्हटलं, सेलचा माल आहे, दोन काढून घेतल्या असतील. खऱ्याची वायर डाव्या कपात घालून किंचित पिळली की अडकून बसते. आमची नुसती खुपसायची, आणि लेकीनं मान वळवली की निसटायची. नवी आहे, सैल असेल. माणूस स्वतःला फसवायला लागला की दुसऱ्यानं फार कष्ट घ्यावे लागत नाहीत.

वाजवायला बसली तर खालचं सप्तक नुसतं घुमत होतं, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. पेडल दाबून ठेवलं की सूर हळूहळू विझत जातो ना, त्याची शेपटीच ऐकू येईना. आणि मधले स्वर असून नसल्यासारखे. दहा दिवस आम्ही पियानोलाच दोष देत होतो. मी तर दुरुस्तीवाल्याला फोनही करून ठेवला होता.

सुटका केली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं. तो आता मिरजेत साउंडचं काम करतो. सहज आला, कानाला लावला आणि म्हणाला, "बाई, ह्यात काय तर घोळ हाय." त्यानं एका गायिकेचं साधं गाणं लावलं. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही कानांत सारखाच भरलेला असतो, त्यामुळे तो कपाळाच्या मध्यावर बसायला हवा. आमच्या हेडफोनात ती बाई दोन्ही बाजूंना फाकली होती, मध्ये कोणीच नाही. एक कान झाकला की ठीक, दोन्ही लावले की पोकळ. तो म्हणाला, एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्यात.

मग त्यानं कानावरची गादी उसवून काढली आणि चार स्क्रू सोडले. आतल्या ड्रायव्हरवर पट्टी धरली तर जेमतेम ४० मिलिमीटर. त्याच्या मागं गरम गोंदानं चिकटवलेला लोखंडी वायसर होता, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. दुसऱ्या कपातही तसाच. मी विचारलं, "हे कशाला रे?" "वजनाला, बाई. हातात घेतल्यावर भारी लागलं पायजे न्हवं."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले तर तिथं कोणाचं तरी बारसं चाललं होतं. बिलावरचा फोन बंद. यूपीआयचे पैसे कोण्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेलेले, बिल म्हणजे शिक्का मारलेली चिठ्ठी, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. मग डबा नीट वाचला. परदेशातून आलेल्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा फोन असावाच लागतो. आमच्या डब्यावर यातलं काही नव्हतं. हे मी सेलमध्येच उभ्या उभ्या बघू शकले असते. त्याला ना कान लागतो ना अभ्यास.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. पण अर्जात सामनेवाल्याचा पत्ता लिहावा लागतो, आणि तिथंच माझं पेन अडलंय. म्हणून आता कोणी विचारलं की सांगते, जो पीस ऐकलात तोच मागा. नाही दिला तर सीलपॅक डबा त्यांच्याच टेबलावर फोडा, तेच गाणं लावा, गाणारा मध्ये बसतोय का बघा. मागचे चारजण थांबतील.

लेक सध्या माझ्या मोबाइलचा जुना इअरफोन जाड पिनेचा अडॅप्टर लावून वापरते. गरीब आवाज आहे, पण मधले स्वर जागेवर आलेत. अडॅप्टर घेताना पिनेवर दोन काळ्या रिंगा असलेलाच घेतला; एकच रिंग असलेला लावला तर एका कानातच ऐकू येतं.

तासगावचा सेल शुक्रवारी सुरू होतोय. साउंडवाला म्हणतो, "बाई, पहिल्याच दिवशी जाऊया, पत्ता घिऊनच येऊ." मी बिलाची चिठ्ठी आणि ते दोन वायसर पिशवीत घालून ठेवलेत. स्क्रू-ड्रायव्हर तो आणणार आहे.