दादरचा राज्यघटना वर्ग : शिकवणे उत्तम, उत्तरतपासणी निराशाजनक

नोकरी सांभाळून राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांसाठी दादर पश्चिमेला जे अनेक वर्ग चालतात, त्यांपैकी एका वर्गाची ‘राज्यघटना आणि संसदीय शासनव्यवस्था’ या विषयापुरती शनिवार-रविवारची तुकडी मी नुकतीच पूर्ण केली. राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे अनुच्छेदांचे क्रमांक पाठ करून निभावून नेण्याची सोय आता उरलेली नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला विषय समजावून देऊन तो लिहिता करणे, हाच अशा वर्गाचा निकष असायला हवा. समजावून देण्यात हा वर्ग सरस आहे. लिहिते करण्यात तो बराच कमी पडतो.

विधिमंडळाचा भाग शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला विधानसभेच्या एका दिवसाच्या कामकाजक्रमाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. प्रश्नोत्तरे, सभागृहासमोर ठेवायची कागदपत्रे, लक्षवेधी सूचना, पुरवणी मागण्या, शासकीय विधेयके अशा प्रत्येक नोंदीपुढे तिचा आधार घटनेत आहे की सभागृहाच्या नियमांत, हे आम्हाला पेन्सिलीने लिहायचे होते. पुरवणी मागण्यांपुढे 205 आणि विनियोजन विधेयकापुढे 204 हे अनुच्छेद लिहून झाले. लक्षवेधीपाशी मात्र बहुतेकांचे हात थांबले, कारण ती घटनेत कुठेच नाही. सभागृहाला आपले नियम स्वतः करण्याचा अधिकार अनुच्छेद 208 ने दिला आहे आणि लक्षवेधी त्या नियमांतून येते, हे त्या कागदावर जितके पक्के बसले तितके ते टिपणे वाचून बसले नसते.

पुढच्या तासाला त्यांनी विचारले, “साधे विधेयक विधानसभेने संमत केले आणि विधान परिषदेने अडवले, तर पुढे काय?” मागच्या बाकावरून “संयुक्त बैठक” असे उत्तर आले. ते बरोबर की चूक हे न सांगता मॅडमनी अनुच्छेद 108 आणि 197 शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला लावले. संयुक्त बैठकीची तरतूद फक्त संसदेसाठी आहे आणि विधेयकांवरील मतभेद मिटवण्यासाठी ती 1961 मध्ये हुंडा प्रतिबंधक विधेयकाकरिता, 1978 मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याकरिता आणि 2002 मध्ये ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याकरिता बोलावली गेली. राज्यात मात्र परिषद पहिल्या खेपेस तीन महिने आणि विधानसभेने तेच विधेयक पुन्हा संमत केल्यावर एक महिना, एवढाच विलंब करू शकते. मग 78 सदस्यांची परिषद हवी कशाला, असा प्रश्न साहजिकच निघाला, आणि त्यातून परिषद स्थापन वा रद्द करण्याविषयीचा अनुच्छेद 169, पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या प्रत्येकी 7 जागा, राज्यपालनियुक्त 12 जागांचा 2020 नंतर दीर्घकाळ रेंगाळलेला वाद, असा सगळा भाग अंगावर न येता शिकून झाला.

पक्षांतरबंदीचे सत्र या तुकडीतले सर्वांत चांगले. पक्षांतरबंदी आणणारी 1985 ची 52 वी घटनादुरुस्ती, अध्यक्षांचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत आणणारा 1992 चा किहोटो होलोहान निकाल आणि एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळण्याची पळवाट बंद करणारी 2003 ची 91 वी दुरुस्ती, या क्रमाने येत आम्ही महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावरील सर्वोच्च न्यायालयाच्या 11 मे 2023 च्या निकालापर्यंत पोहोचलो. प्रतोद (व्हिप) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते. तथापि मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, हे तीनही मुद्दे मॅडमनी एकमेकांत न मिसळता मांडले. महाराष्ट्रातल्या वर्गात या विषयावर हमरीतुमरी व्हायला वेळ लागत नाही (दोन बाकांवर ती सुरूही झाली होती), पण मॅडमनी चर्चा निकालपत्राबाहेर जाऊ दिली नाही.

मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे शिकवणारे सर वेगळे आहेत. त्यांचा भर वेगावर आहे. उजळणीसाठी ठीक, नव्याने शिकणाऱ्याला अपुरे.

छापील टिपणांवर मात्र विसंबू नये. विधानसभेची रचना सांगताना त्यांत अजूनही ‘288 निर्वाचित व 1 नामनिर्देशित अँग्लो-इंडियन सदस्य’ असे छापलेले आहे, वास्तविक 104 व्या घटनादुरुस्तीने ती नामनिर्देशनाची तरतूद जानेवारी 2020 मध्येच संपुष्टात आली. कार्यालयात हे दाखवल्यावर “पुढच्या आवृत्तीत होईल” असे उत्तर मिळाले. शुल्कात टिपणांचे पैसे धरलेले असताना एक शुद्धिपत्र काढणे अवघड नव्हते. मी चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारातून राज्यघटनेची मराठी प्रत आणली आणि वर्गात तीच उघडी ठेवली. अर्थात, तीही घेताना कोणत्या दुरुस्तीपर्यंत अद्ययावत आहे ते पाहूनच घ्यावी.

सर्वांत मोठी निराशा उत्तरतपासणीची. माहितीपत्रकात तपासलेल्या उत्तरांचे आश्वासन ठळक अक्षरांत आहे, आणि प्रत्यक्षात वह्या इतक्या उशिरा परत येतात की प्रश्न काय होता हेही आठवत नाही. राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारावरील माझ्या उत्तराच्या समासात ‘अजून मुद्दे हवेत’ एवढाच शेरा होता. कोणते मुद्दे? अनुच्छेद 163 चा उल्लेख होता, राष्ट्रपती राजवटीसंबंधीचा 1994 चा बोम्मई निकाल होता. मांडणी फसली की निष्कर्ष लंगडा होता, हे तपासणाऱ्याने सांगायचे नाही तर कोणी? वह्या कोण तपासते, हे शेवटपर्यंत कळले नाही. मॅडम तपासत नाहीत, एवढे अक्षरावरून दिसत होते.

रविवारचा तास सकाळी असल्यामुळे मेगाब्लॉकच्या दिवशी कल्याण-पनवेलकडच्यांचे हाल होतात. चुकलेल्या तासाचे चित्रीकरण मिळते, पण ते आठवडाभरच पाहता येते. नोकरदारांसाठी म्हणून काढलेल्या तुकडीत ही मुदत फारच तोकडी आहे. प्रवेश घेणाऱ्यांनी विधिमंडळाचा भाग कोण शिकवणार आणि उत्तरांच्या वह्या किती दिवसांत परत मिळणार, या दोन गोष्टी शुल्क भरण्यापूर्वी लेखी घ्याव्यात. पूर्ण तुकडी नको असेल, तर फक्त विधिमंडळाच्या सत्रांना वेगळे शुल्क भरून बसता येते. कार्यालयात विचारल्याशिवाय ते सांगितले जात नाही.