इसबगोल की मॅक्रोगोल? वजनाच्या इंजेक्शनवर पोट अडलं तर

डॉक्टरांनी ह्यांना टिर्झेपॅटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं आणि वजन उतरू लागलं. पण गुरुवारी सुई घेतली की रविवारपर्यंत पोट साफ नाही. खडा धरायचा, कुंथून माणूस घामाघूम व्हायचा. आमच्या गंगापूर रोडच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाने एकच सांगितलं, इसबगोल द्या. तुम्हीही त्याच विचारात असाल तर जरा थांबा.

वजन उतरवणारी ही इंजेक्शनं जठर सावकाश रिकामं होऊ देतात आणि भूक मारतात. दोन भाकऱ्यांची एक होते, म्हणजे पोटात जाणारा चोथाही निम्मा. पाणी प्यायचंही भान राहत नाही. मळ आतड्यात रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो घट्ट होतो. सेमाग्लुटाइड हे असंच वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन, त्याच्या २.४ मिलिग्रॅम डोसच्या चाचण्यांत शंभरातल्या साधारण २४ जणांना हा त्रास झाला; औषध नसलेली सुई घेणाऱ्यांत ११ जणांना. तेव्हा लाजून गप्प बसण्यासारखं यात काही नाही.

इसबगोल स्वस्त आणि घरोघरी ओळखीचं. पण ते पाणी धरून फुगतं आणि फुगूनच काम करतं, त्यामुळे चमचाभर भुशीला पेलाभर पाणी लागतंच. आमच्याकडे काय झालं, पेला ओट्यावर ठेवला, हे अंघोळ करून येईपर्यंत त्याची खळ झाली. दोन घोट घेतले आणि पोट भरलं म्हणून पेला खाली ठेवला. आधीच गच्च पोटात आणखी फुगणारी वस्तू, वर पाणी कमी. त्या आठवड्यात त्रास वाढलाच.

मग डॉक्टरांनी मॅक्रोगोलची पावडर दिली. ती पाण्यात पूर्ण विरघळते, घट्ट होत नाही, चव फारशी नाही. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. एका दिवसात चमत्कार होत नाही, एक ते तीन दिवस द्यावे लागतात. इसबगोलपेक्षा महाग पडते. तरीही डोस वाढत असताना आणि खाणं-पिणं कमी असताना माझं मत स्वच्छ हिच्याच बाजूने आहे.

लॅक्टुलोजचं गोड पातळ औषधही चालतं, पण गॅस करतं. पोट आधीच फुगत असेल तर नको वाटतं. बायसाकोडिलची गोळी रात्री घेतली की सकाळी काम होतं, ती अडल्या वेळेला, रोजची नव्हे. आणि ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून चूर्ण घेणार असाल तर डबीवर सोनामुखी लिहिलंय का बघा. तीही बायसाकोडिलसारखी आतड्याला ढकलणारीच. एरंडेल मी देणार नाही. मळमळ असलेल्या माणसाला वर मुरडा कशाला?

यातलं काहीही निवडलं तरी पाणी सुटत नाही. ह्यांची लिटरची बाटली गाडीतच असते, घोट घोट करून दुपारपर्यंत संपवायची. नाशकात मनुकांना काय तोटा, रात्री आठ-दहा काळ्या मनुका भिजत घालते, सकाळी पाण्यासकट. नंतर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या.

एक मात्र मनापासून सांगते. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, पोट टम्म आणि वाराही सरत नाही, असं झालं तर पावडर-गोळीचे प्रयोग करत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आतड्याची हालचालच थांबलेली असू शकते. एरवीही, दोन-तीन आठवडे त्रास हटत नसेल तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आमच्या डॉक्टरांनी ह्यांना महिनाभर त्याच डोसवर ठेवलं.

आता जेवण थोडं सुधारलंय. संध्याकाळी चार वाजता अर्धा चमचा इसबगोल पुन्हा सुरू केलंय, ढवळलं की लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी.