रास्पबेरी पाय नोआयआर कॅमेरा व्ही २ : मे ते नोव्हेंबर, पुण्याच्या उन्हापावसात

सोनी आयएमएक्स २१९ सेन्सरचा हा ८ मेगापिक्सेलचा, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसलेला (म्हणून ‘नोआयआर’) कॅमेरा पुणे परिसरातली पिकं आणि नदीतली जलपर्णी टिपायला सात महिने वापरून झाला. एनडीव्हीआयसाठी, म्हणजे झाडावरून परतणारा दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड यांच्या तुलनेवरून हिरवाई मोजणाऱ्या निर्देशांकासाठी, घ्यावा का? जरूर घ्यावा, पण कॅमेऱ्याइतकंच लक्ष पांढऱ्या पाटीकडे (तिचा फोटो घेऊन उजेडाचं माप ठरवतात) द्यायची तयारी असेल तरच.

जेपीईजी पहिल्या दिवसापासून विसरा. त्यात गॅमा, व्हाइट बॅलन्स, कोपरे उजळवणं सगळं कालवलेलं असतं. रॉ डीएनजी (सेन्सरचे कच्चे आकडे ठेवणारी फाइल) घ्या, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) १, शटर हाताने ठरवलेलं. रॉ १० बिटांचं असतं, म्हणजे आकडे ० ते १०२३. काळी पातळी (पूर्ण अंधारातही येणारा आकडा) ६४ च्या आसपास, ती आधी वजा करायची. मे महिन्यात डबी तापली की नॉइज वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर भिंग झाकून चार-पाच काळ्या फ्रेम घ्या. शटरची वेळ दुप्पट केली की वजाबाकीनंतरचा आकडाही दुप्पट यायला हवा. येत नसेल तर आधी ते शोधा.

रॉमध्ये कोपरे बरेच काळवंडतात, तेही प्रत्येक रंगात वेगळे. साइनबोर्डवाल्यांकडची दुधी ॲक्रिलिक शीट भिंगावर धरून मोकळ्या आकाशाकडे १६ फोटो घ्या, दर चार फोटोंनंतर कॅमेरा ९० अंशांनी फिरवा आणि पुढचा प्रत्येक फोटो या सोळांच्या सरासरीने भागा. भिंगावरचा निळा जेल फिल्टर (रंगीत पारदर्शक पातळ शीट) लावलेलाच असू द्या.

आता पाटी. ए-फोर कागद चालत नाही. त्यातलं ब्राइटनर अतिनील किरणं शोषून निळा उजेड सोडतं, आणि निळा जेल फिल्टर लावल्यावर दृश्य प्रकाश मोजणारा चॅनेल नेमका निळाच असतो! टेफ्लॉनची १० मिमी जाड शीट घ्या (पातळ असली की मागचा रंग झिरपतो) आणि पाणकागदाने घासून चकाकी काढा. जोडीला एक गडद करडी पाटी ठेवा, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून किती टक्के प्रकाश परततो ते काढायला दोन बिंदूंतून सरळ रेषा बसवता येते. टेफ्लॉनचा आकडा ८०० ते ९०० मध्ये राहील असं शटर धरा.

सगळ्यात जास्त फसगत इन्फ्रारेडच्या गळतीने होते. निळा जेल लाल प्रकाश अडवतो, त्यामुळे लाल चॅनेलमध्ये इन्फ्रारेड येतं हे ठीक, पण ते निळ्यातही शिरतं आणि हिरवंगार पीकही मरगळलेलं दिसतं. जेलवर ७२० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारा) ठेवून टेफ्लॉनचा फोटो घ्या: आता निळ्यात जे उरलं ती गळतीच. निळा भागिले लाल हे गुणोत्तर काढा. पुढे प्रत्येक फोटोत लाल चॅनेलला त्याने गुणून निळ्यातून वजा करा. जेलचा तुकडा बदलला की हे पुन्हा करायचं.

पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नाही, ऋतूप्रमाणे साधारण १२:२० ते १२:५० च्या दरम्यान. मेच्या मध्यावर आणि जुलैअखेर तो थेट डोक्यावर असल्याने कॅमेऱ्याची सावली खालच्या पाटीवरच पडते. त्या दिवसांत तासभर आधी उरकावं. पावसाळ्यात पाटीचा फोटो फेरीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर ती फेरी टाकून द्यावी, ढगांमुळे पडलेला फरक दुरुस्त करत बसू नये.

एवढं केल्यावर एकाच वाफ्याची आठवड्या-आठवड्याची तुलना विश्वासाने करता येते. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एनडीव्हीआय मात्र ६६५ नॅनोमीटरच्या लाल पट्ट्यावर काढतात, इथला निळ्यावर. दोन्ही एकाच आलेखावर चढवू नका.