जांभळी बादली आणि १,७१,३०० रुपये

एक लाख एकाहत्तर हजार तीनशे. समुद्री माशांच्या टँकच्या नादात एका भामट्याला दिलेले. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरी 'लाखभर गेले' असं सांगून बघितलं होतं आणि बायकोने पासबुक काढलं.

मी एका कंपनीत लेखा विभागात आहे. लोकांची व्हाउचरं परत पाठवणं हे माझं काम. बिलावर शिक्का नसेल तर रिक्षाचे शंभर रुपयेसुद्धा मी पास करत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल. माशांच्या बाबतीतही मी नवखा नाही. चौदा वर्षं गोड्या पाण्याचे टँक सांभाळतोय, डिस्कस माशांची पिल्लं घरात वाढवली आहेत. समुद्री रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, मात्र राहून गेला होता. मुलीची दहावी संपली, बोनस आला आणि मला वाटलं, आता हॉलमध्ये समुद्र आणायचाच.

पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला एका गाळ्यात तो टँक लावून देणारा भेटला. गाळ्यात चालू रीफ टँक होता, निळ्या उजेडात प्रवाळ डुलत होते. त्यावरच मी भाळलो. पुढे कळलं की गाळा दुसऱ्याचा, टँकही दुसऱ्याचा. हा दुपारी तिथे येऊन स्टुलावर बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की बोलायला सुरुवात करायचा. गाळ्याचा मालक आता म्हणतो, "तो आमचा माणूस नाही, चहा प्यायला यायचा." दुकानात बसलेला प्रत्येक माणूस दुकानाचा नसतो. गल्ल्यामागच्या माणसाला विचारा, हा कोण.

टँक, स्टँड आणि खालची गाळणीची टाकी (संप) २८,५००. पाण्यातली घाण काढणारा स्किमर, पाणी परत वर चढवणारा पंप आणि लाटा करणारे दोन वेव्हमेकर ३१,०००. एलईडी दिवा २४,०००. हुबेहूब तसाच मला नंतर ऑनलाइन ६,२०० ला दिसला. 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणू-शेवाळासकट समुद्रातले दगड, २५ किलो, ९०० रुपये किलोने २२,५००. मिठाची बादली ७,८००. टँक तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे १८० लिटरच्या आसपास. काच तेवढी चांगली निघाली, ते मान्य करतो.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की सर, पण १८ टक्के वर जातील." मी नको म्हटलं. हो, मीच. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर भलत्याच बाईचं नाव आलं, तर म्हणे "पार्टनरचं खातं आहे". शिक्क्याशिवाय शंभर रुपये न सोडणाऱ्याने तिथे अंगठा टेकवला.

आता ती बादली.

रविवारी सकाळी तो दगड टाकून गेला आणि "मी संध्याकाळी येतो, तोवर तुम्ही रचून ठेवा" म्हणाला. सुंदर जांभळे दगड. म्हणे खास रामेश्वरमकडचे. मी बाथरूममध्ये निळ्या बादलीत खारं पाणी करून पहिला दगड बुडवला, हलवला आणि पाणी जांभळं झालं. होळीच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीचं होतं तसं. हाताला रंग लागला, नखांत गेला.

दगडावरचा जांभळा थर म्हणजे कोरलाइन शेवाळ. ते चुन्याचं कवच करतं, दगडाला चिकटून वाढतं, काचेवर आलं तर ब्लेडने खरवडावं लागतं. ते धुऊन जात नाही. हे मला माहीत होतं हो! पंधरा दिवस रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून मी हेच वाचत होतो. दगडाचा कोपरा बादलीच्या काठावर आपटला तर आतून करडं सिमेंट दिसलं. त्या क्षणी फोन करून "बाबा, उचल तुझा पसारा आणि पैसे टाक" म्हणायला हवं होतं. फोन केलाही. तो म्हणाला, "सर, नवीन पाण्यात कोरलाइनचं शेडिंग होतं, नॉर्मल आहे." आणि मी "बरं, बरं" म्हणालो. का? कारण तोवर १,१३,८०० गेले होते आणि ते गेले असं स्वतःला सांगायची हिंमत नव्हती. बादली दिसल्यानंतर मी त्याला आणखी ५७,५०० दिले. माझ्या डोक्यात हिशेब नेहमी असा दोन रकान्यांत होतो, बादलीच्या आधीचे आणि बादलीच्या नंतरचे. आधीच्यांसाठी मी स्वतःला माफ केलंय.

दुसरी खूण आईने दिली होती. कैरीचे दिवस होते, स्वयंपाकघरात लोणच्याचा घाट चालला होता. तिने मिठाच्या बादलीतून चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं आणि म्हणाली, "अरे, हे तर आपलं खडे मीठ, जरा दळलेलं. लोणच्याला घेऊ का यातलं?" मी तिच्यावर खेकसलो. "आई, इम्पोर्टेड आहे ते!" लोणचं मुरलं आहे आता. पानात वाढताना ती काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

तुम्ही म्हणाल, मीठ मोजलं नाहीस का? मोजलं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर १.०२५ आलं. पण ते यंत्र पाणी किती खारं आहे एवढंच सांगतं, खारं कशाने आहे ते सांगत नाही. साध्या मिठाचं पाणीही १.०२५ दाखवतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारी क्षारता) यांचा पत्ता नसतो, आणि प्रवाळ जगतात त्यांच्यावर. नंतर मी त्याच बादलीतलं मीठ वेगळ्या भांड्यात आरओच्या पाण्यात कालवून तपासलं. कॅल्शियम ४२० च्या आसपास हवं, ते ६० सुद्धा नव्हतं. अल्कलिनिटी आठ-नऊ हवी, ती एक. मिठाची बादली सीलबंद नसेल तर घेऊ नका, आणि सील असलं तरी कॅल्शियमचं किट आधी घ्या, मीठ मागून.

त्या रविवारी संध्याकाळी तो दोन क्लाउनफिश घेऊन आला. "ताईंसाठी माझ्याकडून गिफ्ट." मुलीने तिथल्या तिथे नावं ठेवली, लाडू आणि चिवडा. टँकचं सायकलिंग, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होणं, याला चार ते सहा आठवडे लागतात हे चौदा वर्षं टँक ठेवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पण त्याने बॅक्टेरियाची बाटली ओतली होती, मुलगी काचेला नाक लावून बसली होती, आणि त्याच बैठकीत मी प्रवाळांच्या 'पॅकेज'चे ४५,००० दिले. गुरुवारी दोन्ही मासे मेले. पाणी तपासलं तर पीएच ९ च्या वर. हवा ८.१ ते ८.४. सिमेंटचा चुना पाण्यात उतरत होता, आणि पीएच चढला की असेल तेवढा अमोनियाही जास्त विषारी होतो. त्याचं म्हणणं, "लाइटचा शॉक बसला, सर."

शनिवारी फोन आला. प्रवाळांचं पार्सल लोहगाव विमानतळावर अडकलंय, क्लिअरन्सचे १२,५०० भरा, नाहीतर आतला माल मरेल. तुम्हाला ही गोष्ट पाठ आहे, मलाही होती. पण ४५,००० सोडवायला १२,५०० हा हिशेब उभं राहून, घाईत, कोणाला न विचारता केला की बरोबर वाटतो. त्यानंतर फोन बंद.

आता आमच्या यंत्रणेची गोष्ट. चौकीत अंमलदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "माशांसाठी पावणेदोन लाख?" आणि शेजारच्याला हाक मारून ऐकवलं. म्हणाले, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्या घरी येऊन गेला, माल दिला, यात सायबर कुठे? हद्दीत जा. हद्दीत म्हणाले, माल मिळाला पण खराब निघाला, ही दिवाणी बाब. मी म्हटलं, साहेब, सिमेंटला रंग मारून विकणं ही फसवणूक नाही? "चारशे वीस," एक जण म्हणाला, मग स्वतःच दुरुस्ती केली, "म्हणजे आता तीनशे अठरा." कलमाचा नवा आकडा पाठ आहे, गुन्हा मात्र दाखल करायचा नाही! साधा अर्ज घेतला. त्याचं काय झालं विचारायला जून महिन्यात गेलो तर तपासी अधिकारी पालखीच्या बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर गणपतीच्या बंदोबस्ताला. बँकेने दोन ओळींत कळवलं, पिन तुम्हीच टाकला आहे.

आणि कडी केली ती एका तरुण फौजदाराने. त्याने एकट्यानेच माझा अर्ज पूर्ण वाचला. वाचून हळूच म्हणाला, "काका, प्रवाळ लिहिलंय तुम्ही. ठेवायचं का?" वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे कठीण प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. हे २००१ पासून आहे आणि मला माहीत नव्हतं. विकणाऱ्याने 'फ्रॅग' म्हटलं, टँकमध्येच वाढवलेले तुकडे म्हटलं. मला वाटलं, नर्सरीतून गुलाबाची कलमं आणावी तसं असेल. दगडांचंही तेच. खरेच रामेश्वरमकडचे, म्हणजे मन्नारच्या आखातातले असते तर ते राखीव समुद्रातून उचललेले, म्हणजे मी चोरीचा माल घेतलेला. नकली निघाले म्हणून मी निदान फिर्यादी आहे. भामट्याने हे हेरलं होतं, याची मला खात्री आहे. ज्याला बिल नकोय आणि प्रवाळ हवेत, तो चौकीत किती ओरडणार?

मी अर्जातला तो परिच्छेद काढला. त्याबरोबर ५७,५०० पण गेले, कारण ते कशाचे होते हे आता कागदावर नाही.

उरलेल्या रकमेसाठी ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. पण तिथेही पहिला कागद मागतात तो बिल. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरच्या गप्पा आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट आहेत. तुमच्याबाबतीत असं काही झालं तर चौकीच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पहिल्या तासात. मी नवव्या दिवशी लावला. आठ दिवस मी 'येईल त्याचा फोन' म्हणत होतो.

त्याचा दुसरा नंबर चालू आहे. मुलीच्या मैत्रिणीच्या फोनवरून स्टेटस पाहिलं. तीन फुटी टँक, निळा उजेड, जांभळे दगड, दोन क्लाउनफिश, खाली 'कम्प्लिटेड प्रोजेक्ट, कोथरूड'. फोटोत मागे भिंतीवर कालनिर्णय आहे आणि उजव्या कोपऱ्यात आईचा निम्मा चेहरा, हातात कैरीची परात. तो फोटो तुम्हाला कोणी दाखवला तर तो टँक माझा आहे. सध्या त्यात मुलीची जुनी पुस्तकं ठेवली आहेत.