आपलंच नाटक: स्वतः करावं की दुसऱ्याला द्यावं?

लिहिणाराच नट असला की मुख्य भूमिका कुणी करायची हा पेच येतोच. मी दोन्ही करून पाहिलंय. मानधन आणि तारखांचा हिशेब तुम्ही मांडला असेलच, त्यात शिरत नाही.

स्वतः केलं तर पाठांतर वाचेल असं वाटलं होतं. उलटंच झालं. डोक्यात सगळेच खर्डे पाठ असतात. तिसऱ्या खर्ड्यात कापलेलं वाक्य ऐन प्रयोगात तोंडून गेलं आणि समोरच्याला क्यूच, म्हणजे त्याचं वाक्य सुरू करायची खूणच, मिळेना. तेही निभावलं असतं, पण ओठांचं काय करणार? समोरची नटी बोलत असताना माझे ओठ तिच्या वाक्याबरोबर हलायचे. मला पत्ताच नव्हता. चौथ्या प्रयोगानंतर तिनंच सांगितलं, "तू माझं ऐकत नाहीस, तपासतोस." मग ओठ मिटून धरले, तर जबडा आवळलेला दिसायला लागला. नटाचं निम्मं काम ऐकण्याचं, आणि मला नेमकं तेच जमेना.

पुढचं नाटक दुसऱ्याला दिलं. पहिल्या तालमीत जीव वरखाली झाला. ज्या विरामावर मी आठवडा घालवला होता, तो त्यानं सरळ गिळला. पण मी विराम लिहिलाच नव्हता तिथं तो थांबला आणि प्रवेश उभा राहिला. शिवाय प्रेक्षक कुठं चुळबुळतात हे खुर्चीत बसून जेवढं कळतं तेवढं रंगमंचावरून कळत नाही, निदान मला तरी. त्या चुळबुळीवरून दीड पान कापलं.

अर्थात मोलिएरला, त्या फ्रेंच नाटककार-नटाला, हे सांगून उपयोग नव्हता. १६७३ मध्ये स्वतःच्याच नाटकात आजाराची धास्ती घेतलेल्या माणसाचं काम करताना त्याला झटका आला, तरी त्यानं प्रयोग पुरा केला आणि काही तासांत गेला. नाटकमंडळी त्याचीच होती. तुमचीही तुमच्या नावावर चालत असेल, तर माझं ऐकू नका. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर मुळात नट, डेव्हिड बॅरन नावानं कामं करायचा. १९५८ मध्ये लिहिलेल्या एका नाटकात तो स्वतः उभा राहिला १९९५ मध्ये. सदतीस वर्षांत ओठ विसरत असावेत.

छोटं काम मात्र मी अजून सोडत नाही. नव्या नाटकात स्वतःसाठी एक पोस्टमन लिहिलाय. त्याच्याशी कुणी फारसं बोलत नाही.