घरघंटीचा अनुभव: गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

यंदा श्रावण संपता संपता घरघंटी, म्हणजे घरातली विजेवरची पिठाची गिरणी, घेतली. गौरी-गणपती, हादगा, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं तिच्यावर निघालं आणि आता थंडी पडली तरी ती रोजच्या वापरात आहे. दुकानात मूठभर गहू दळून दाखवतात, त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत आणि सणाचं घरीच करायची हौस आहे, त्यांना उपयोग होईल.

आम्ही सांगलीत राहतो. घरात आई, नोकरी करणारे आम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. एका वेळेला भाकरी, एका वेळेला चपाती. मशीन १ एचपीचं आहे, म्हणजे ७४६ वॅटची मोटर. तासभर सलग चालवलं तरी पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे बिलाची काळजी करू नका. वर धान्याचा डबा, मधे दळायचं चेंबर, खाली पिठाचा डबा आणि बारीक-जाड पिठासाठी बदलायच्या जाळ्या. आत दगड नसतो. स्टीलची पाती वेगाने फिरून दाणा फोडतात आणि जाळीच्या भोकातून जाईल इतका बारीक झाला की पीठ खाली पडतं. एवढं डोक्यात ठेवलं की तिला काय जमेल आणि काय नाही, ते आपोआप कळतं.

मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते बाजरीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवी बाजरी यायला लागते. बाजरीत तेलाचा अंश गहू-ज्वारीपेक्षा जास्त, म्हणून तिचं पीठ लवकर कडू पडतं. गिरणीत जायचं म्हणजे चार-पाच किलो तरी दळून आणायची, आणि शेवटची भाकरी मुलं खाता खाता बाजूला सारायची. आता आई दोन दिवसांपुरतं दळते. संध्याकाळी ताजं पीठ, त्याची भाकरी, वर लोणी. मुलगा मागून घेऊन खातो, यापलीकडे मला पुरावा नको. ज्वारीचंही तेच. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने चिरते. ताज्या पिठाची परातीत सरसर फिरते.

दिवाळीच्या फराळात तिची खरी परीक्षा झाली. चकलीच्या भाजणीला आईचं प्रमाण ठरलेलं आहे: ४ वाट्या जुने तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडीद डाळ, १ वाटी मुगाची डाळ, मूठ-मूठ पोहे आणि साबुदाणा, पाव वाटी धणे आणि थोडं जिरं. तांदूळ आणि डाळी धुऊन, सावलीत वाळवून, एकेक वेगळं भाजायचं. गिरणीत भाजणी न्यायची तर आधी कुणाचं काय दळून झालंय ते विचारावं लागतं, कारण आत राहिलेलं पीठ आपल्यात मिसळतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर रांगेत उभं राहून ते विचारायचीही सोय नसते. घरी आम्ही आधी मूठभर तांदूळ फिरवून चेंबर पुसून घेतलं, बारीक जाळी बसवली आणि निम्मीच भाजणी दळली. त्यातल्या चार चकल्या तळून बघितल्या. आईला पीठ आणखी बारीक हवं होतं, म्हणून उरलेल्या निम्म्याला त्याच्या खालची जाळी लावली. हे असं थांबून, चव घेऊन, जाळी बदलून पुढे जाणं गिरणीत शक्यच नाही.

बेसनाच्या लाडवांना उलट. त्यासाठी हरभऱ्याची डाळ मुद्दाम जरा जाड जाळीवर काढली, रव्यासारखी. तुपात भाजताना ती चिकट गोळा होत नाही आणि लाडू दाणेदार होतो, टाळूला चिकटत नाही. विकतच्या बेसनात ही मजा नाही. एक काळजी मात्र घ्या: भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय वरच्या डब्यात टाकू नका, आणि दळून निघालेलं पीठही कोमट असतं, ते पसरून गार केल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. आत वाफ धरली की गुठळ्या होतात आणि पीठ टिकत नाही.

नवरात्रात आई नऊ दिवस उपास करते. वरी आणि साबुदाणा भाजून त्याचं पीठ घरीच काढलं, त्यामुळे उपासाच्या पिठात गव्हाचा कण तर नाही ना, ही तिची दरवर्षीची चिंता मिटली. राजगिऱ्याला सगळ्यात बारीक जाळी लागते, नाहीतर दाणे अख्खेच खाली पडतात.

आता मुलांबद्दल, कारण हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. या मशीनला खडा चालत नाही. एक बारीक खडा गेला तरी जाळी फाटू शकते. म्हणून धान्य निवडणं आलंच. रविवारी दुपारी आई परात घेऊन बसते आणि दोन्ही मुलं दोन बाजूंनी. आजी दाणे पुढे सारते, मुलगी बोटाने खडे आणि काडीकचरा उचलते, मुलगा खडे एका वाटीत जमवून दाखवत फिरतो. टीव्ही बंद ठेवायला सांगावं लागत नाही. गव्हाचा बारीक दाणा आणि गवताचं बी यातला फरक मुलीला आता माझ्यापेक्षा चांगला कळतो. दळण सुरू झालं की तिचं लक्ष आवाजाकडे. वरचा डबा रिकामा होत आला की घरघर बदलून मोकळी, पोकळ होते, आणि ती आतल्या खोलीतून ओरडते, "आजी, संपलं गं!" मग आई खालचा डबा ओढून चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळते. मुलगीही तसंच चोळून बघते. बोटांत कण लागला तर जाड, रेशमासारखं सरकलं तर बारीक. गणपतीत तिला हे कळत नव्हतं, दिवाळीत तिनेच भाजणीला "अजून जाड आहे" म्हणून सांगितलं आणि आईने ते मानलं.

हस्त नक्षत्र लागल्यावर गल्लीत हादगा सुरू झाला. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, शेवटी खिरापत ओळखायची. आमच्या घरची पाळी आली तेव्हा मुलीने हट्टाने कडबोळी करायला लावली. भाजणी तिच्या डोळ्यांसमोर दळलेली, कडबोळ्यांची टोकं तिने स्वतः जुळवलेली. डबा वाजवून मुली चिवडा, शेव, शंकरपाळी सगळं म्हणाल्या, कडबोळं कुणालाच आलं नाही. त्या रात्री तिचा आनंद बघण्यासारखा होता. धाकट्याचं काम वेगळं. तो दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मातीत बरबटलेला असायचा, पण सोऱ्या बाहेर निघाला की हात धुऊन हजर.

मशीनमध्ये हात घालायचा नाही, जाळी काढायच्या आधी प्लग काढायचा, हे दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्या मशीनचं दार उघडलं की मोटर बंद पडते. घेताना हे बघूनच घ्या, आणि ज्या प्लगवर चालवणार त्याला अर्थिंग आहे ना, तेही तपासा.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. आवाज मोठा आहे. दुपारी कुणी झोपलेलं असेल तर दळण नको, आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्री नऊनंतर अजिबात नको. पिठाच्या डब्याची कापडी टोपी नीट बसली नाही तर आसपास पांढरी धूळ बसते. दर दोन-तीन दळणांनी चेंबर ब्रशने झाडावं लागतं, नाहीतर कोपऱ्यात राहिलेल्या पिठात कीड होते. मेतकूट दळल्यावर हिंग-मेथीचा वास पुढच्या दोन दळणांना येत होता, म्हणून मेतकूट आता मिक्सरवरच. तीळ, शेंगदाणे यांसारखं तेलकट काही चालत नाही, जाळी गच्च होते. दसऱ्याआधी आमच्या मशीनचा बेल्ट सैल झाला, तर दुरुस्तीवाल्याने यायला आठवडा लावला. सणाच्या तोंडावर हे जिवावर येतं, म्हणून सर्व्हिसिंग भाद्रपदातच करून घ्या.

अनारशांचं पीठही हिच्यात होत नाही. ते तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे आणि ओलसर असतानाच दळायचे. ओलं धान्य जाळीला थापलं जातं. आम्ही ते मिक्सरवर काढून चाळणीने चाळलं आणि गूळ घालून ठेवलं. अनारसे सुरेख जाळीदार झाले, पण त्यात घरघंटीचा वाटा नाही.

दोघांचंच घर असेल, भाकरी होत नसेल, फराळ विकत येत असेल, तर घेऊ नका, जागा अडेल. पाच माणसांच्या, भाकरी खाणाऱ्या घराला मी डोळे झाकून घ्या म्हणेन. फक्त दुकानातून निघतानाच बारीक आणि मध्यम जाळीची एकेक जादा जोडी मागून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात त्या नेमक्या मिळत नाहीत.