मस्टँग जीटीचा मागचा क्राउन ३.३१ वरून ३.७३ : चौदा महिने आणि ९,२०० मैलांनंतरचा अनुभव

माझ्याकडे २०१३ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, ४२० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा एकसंध आस. कारखान्यातून ती ३.३१ रेशो घेऊन आली होती. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तो बदलून ३.७३ करून घेतला. तेव्हापासून गाडी ९,२०० मैल, म्हणजे सुमारे १४,८०० किलोमीटर चालली आहे. मधले चार महिने, मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडलेले असते त्या काळात, ती गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती. असा बदल केल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच छान वाटते, म्हणून मी लिहिण्याची घाई केली नाही. दोन उन्हाळे आणि एक लांबचा प्रवास झाल्यावरच लिहायला बसले आहे.

गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन हे छोटे दातेरी चाक असते आणि ते ॲक्सलमधले क्राउन हे मोठे दातेरी चाक फिरवते. रेशो म्हणजे पिनियनच्या दातांनी क्राउनच्या दातांना दिलेला भागाकार. मूळ जोडीत पिनियनला १३ आणि क्राउनला ४३ दात होते; नव्या जोडीत ११ आणि ४१ आहेत. चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायला प्रॉपेलर शाफ्टला पूर्वी ३.३१ फेरे घ्यावे लागत, आता ३.७३ घ्यावे लागतात. प्रत्येक गिअरमध्ये चाकावर पोहोचणारा जोर त्यामुळे पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनही तेवढेच जास्त फिरते. इंजिनाची ताकद मात्र एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. गाडी अंगात आल्यासारखी पळू लागते तेव्हा हे विसरायला होते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बदल करावासा का वाटला, याचे उत्तर या गिअरबॉक्समध्ये आहे. त्याचा पाचवा गिअर सरळ, म्हणजे १.०० आहे (इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा) आणि सहावा ०.६५. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (फिरवणारा जोर) ४,२५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) आणि सर्वाधिक ताकद ६,५०० आरपीएमला मिळते. ३.३१ रेशोवर सहाव्या गिअरमध्ये ताशी ५५ मैलांना इंजिन जेमतेम १,५०० च्या आसपास फिरत असे. आमच्या भागातले मोठे रस्ते ४५ ते ५५ मैलांच्या मर्यादेचे आहेत, त्यामुळे तिथे सहावा गिअर टाकला की गाडी कुथत चाले आणि समोरचा थोडा चढ दिसला तरी हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जाई. सहा गिअरची गाडी मी तीन वर्षे पाच गिअरची म्हणून चालवली. आता त्याच वेगाला इंजिन १,७०० च्या पुढे असते आणि सहावा गिअर निर्धास्तपणे टाकता येतो. वाचताना दोनशे फेऱ्यांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण पायाखाली तो लगेच कळतो.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण माझाही तो होता. मागचा रेशो बदलल्याने गिअरमधली अंतरे कमी होत नाहीत. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ७,००० वरून इंजिन पूर्वीही साधारण ४,८५० पर्यंत उतरत होते आणि आताही तिथेच उतरते. फरक एवढाच, की सगळी शिडी एका पायरीने जमिनीजवळ आली आहे आणि प्रत्येक पायरी चढायला कमी वेळ लागतो. ज्यांना दोन गिअरमधली दरी खटकते, त्यांनी या कामावर पैसे घालू नयेत. त्यांची अडचण गिअरबॉक्समध्ये आहे.

आता कामाबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा सगळा मनस्ताप यातच झाला.

आमच्या घरी कराडला अण्णांचा ट्रक होता आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणला त्यांच्या नेहमीच्या फेऱ्या असत. क्राउन-पिनियन हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले आहे. मी फोनवर बेत सांगितला तेव्हा त्यांनी रेशो विचारलाच नाही. "अगं, बसवणार कोण आहे? क्राउन बसवणारा हात वेगळा असतो," एवढेच ते म्हणाले. मी मात्र दर पाहून डेट्रॉइटजवळच्या एका वर्कशॉपला काम दिले, कारण त्यांनी एका दिवसात गाडी देण्याचे कबूल केले होते.

गाडी खरोखरच एका दिवसात मिळाली. पहिल्या पाचशे मैलांचा नियम मी काटेकोर पाळायला घेतला : सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे हळू चालवायची, मग अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्यायची, असे तीन-चार वेळा करायचे आणि त्यानंतरही दामटायची नाही. तीनशे मैलांच्या सुमारास आवाज सुरू झाला. ताशी ४५ ते ६० मैलांच्या दरम्यान ॲक्सलरेटरवरून पाय उचलला, की मागून बारीक, चढत्या सुराचा 'ऊंऽऽ' असा आवाज येई आणि पुन्हा पाय ठेवला की थांबे. वर्कशॉपचे म्हणणे पडले, की नवे गिअर असेच वाजतात, हजार मैलांत बसतील. हे मला पटले नाही. कारखान्यातून नवी निघालेली गाडी अशी वाजत नाही, मग माझी का वाजावी?

दुसऱ्या मेकॅनिककडे गेले तेव्हा त्यांनी आधी गाडी स्वतः चालवून पाहिली आणि मग मागचे झाकण उघडले. मी शेजारी उभी होते. त्यांनी क्राउनच्या दाताला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) टेकवला आणि पिनियन घट्ट धरून क्राउन हलकेच पुढेमागे हलवला. दातांमधला हा खेळ या ॲक्सलला आठ ते पंधरा हजारांश इंच असायला हवा. क्राउन थोडा थोडा फिरवून त्यांनी चार ठिकाणी मोजले, तर एका ठिकाणी काटा अठरावर गेला. मग दातांना पिवळा लेप लावून क्राउन दोन्ही दिशांनी फिरवला. लेप पुसला गेल्याचा ठसा दाताच्या मधोमध हवा होता. तो वरच्या कडेला सरकला होता. म्हणजे पिनियन पुरेसा आत बसलेला नव्हता. आधीच्या वर्कशॉपने जुन्या पिनियनखालची शिम (उंची जुळवणारी पातळ चकती) तशीच नव्याखाली ठेवली होती. नशिबाने एखाद्या वेळी ती जुळतेही, माझ्या बाबतीत ती जुळली नव्हती.

ही शिम पिनियनचे डोके आणि आतले बेअरिंग यांच्यामध्ये असते, त्यामुळे ती बदलायची तर प्रेसवर बेअरिंग काढावे लागते आणि पिनियन बाहेर काढला की क्रश स्लीव्हही नवी टाकावी लागते. स्लीव्ह ही एक साधी नळी असते. नट आवळत गेले की ती दबते आणि ती जितकी दबेल त्यावर बेअरिंगवरचा ताण ठरतो. मेकॅनिकने लांब दांड्याने नट किंचित आवळायचा, मग छोट्या टॉर्क रेंचने पिनियन फिरवून त्याला किती जोर लागतो ते पाहायचे, पुन्हा किंचित आवळायचा, असे पंधरा-वीस वेळा तरी केले. नव्या बेअरिंगला हा जोर १६ ते २९ इंच-पौंडांमध्ये हवा. एकदा मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही. दबलेली स्लीव्ह पुन्हा फुगत नाही, ती टाकून नवी घ्यावी लागते. त्या शेवटच्या टप्प्यात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आधीपेक्षा तीन हजारांश इंचाने जाड शिम, खेळ चारही ठिकाणी दहाच्या आसपास, ठसा दोन्ही बाजूंनी मध्यावर. या सगळ्याला दीड दिवस लागला, आणि एका दिवसात गाडी देणाऱ्यांनी काय वगळले असेल ते मला तिथे कळले.

त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे आधीच सांगितली होती : हे दात तीनशे मैल चुकीच्या जागी घासले गेले आहेत, तेव्हा आवाज पूर्ण जाईलच असे नाही. तसेच झाले. आवाज नव्वद टक्के गेला. ताशी पन्नासच्या आसपास, काचा बंद आणि गाणी बंद असतील तर एक पुसट गुणगुण अजून ऐकू येते. चौदा महिन्यांत ती वाढलेली नाही. शेजारी बसणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, मला मात्र दर वेळी कळते. सुटे भाग आणि पहिली मजुरी मिळून साडेनऊशे डॉलर गेले होते, दुरुस्तीचे आणखी सहाशे गेले.

स्पीडोमीटरचे काम वेगळे करावे लागते. माझ्या गाडीत वेगाची मोजणी गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून होते आणि मागे नवा रेशो आला आहे हे संगणकाला आपोआप कळत नाही. रेशोची नोंद बदलेपर्यंत मी ताशी ७० मैलांनी जात असताना काटा ७९ दाखवत होता आणि ओडोमीटरही त्याच प्रमाणात पुढे पळत होता. हाताशी ट्यूनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी बदलणारे उपकरण) असेल तर नोंद दहा मिनिटांत बदलते, पण ती त्याच दिवशी बदलून घ्यावी. ॲक्सलमध्ये ऑइल ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक आणि त्यात लिमिटेड स्लिपसाठीचा (एकच चाक सुटून फिरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेसाठीचा) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारे मिश्रण. तो विसरला तर पार्किंगमध्ये वळताना मागची चाके अडखळल्यासारखी वाटतात.

आता चालवण्याचा अनुभव. शहरात फरक सर्वांत जास्त जाणवतो. तिसरा गिअर आता खऱ्या अर्थाने कामाचा आहे. ताशी ३० मैलांपासून तो विनातक्रार ओढतो आणि सिग्नलवरून निघताना क्लचला पूर्वीसारखे सांभाळून घ्यावे लागत नाही. पहिला गिअर मात्र फारच आखूड झाला. मूळ पहिला गिअर आणि ॲक्सल यांचा गुणाकार १२.१ होता, तो आता १३.६ आहे. ताशी ४० मैलांना पहिला गिअर संपतो आणि ओल्या रस्त्यावर पाय जरा जड पडला तरी मागची चाके सुटतात. टायर जुने असतील तर आधी टायर घ्यावेत आणि मग रेशोचा विचार करावा, असे मी कोणालाही सांगेन.

दुसरा गिअर आता जवळजवळ नेमका ताशी ६० मैलांना संपतो. पूर्वी तो ६८ च्या जवळ जाई. म्हणजे शून्य ते साठच्या आकड्यावर ज्यांचे प्रेम आहे, त्यांचा काही प्रसंगी उलट तोटाच होतो, कारण साठ गाठायला तिसरा टाकावा लागू शकतो. पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) मात्र गणित उत्तम जमते. ३.३१ वर रेषा ओलांडताना मी चौथ्या गिअरमध्ये सहा हजारांच्या जरा वर असे, म्हणजे ताकदीच्या शिखराच्या बरीच खाली. आता ताशी १०९ मैलांना इंजिन ६,८५० च्या आसपास असते आणि चौथा गिअर जवळजवळ रेषेवरच संपतो. माझी वेळ १३.१ सेकंदांवरून १२.९ वर आली. दिवस वेगळे होते, हवाही वेगळी होती, त्यामुळे या दोन दशांशांचे सगळे श्रेय मी क्राउनला देत नाही. फोर्डने मस्टँगच्याच २०१२-१३ च्या बॉस ३०२ या आवृत्तीला ३.७३ मूळचाच का दिला, याचा अंदाज मात्र त्या पट्टीवर आला.

हायवेवर मला जी भीती होती ती फोल ठरली. सहाव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन साधारण १,९५० ऐवजी २,२०० वर फिरते. आवाजात फरक आहे, पण त्रास नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आय-७५ ने टेनेसीत गेले होते. जेलिकोजवळचा लांब चढ पूर्वी पाचव्या गिअरवर, कधी चौथ्यावरही उतरून चढावा लागे. या वेळी गाडी सहाव्यातच, वेग न सोडता वर आली. हायवेवरचे सरासरी मायलेज गॅलनमागे साडेपंचवीस मैलांवरून चोवीसवर उतरले. शहरात १७ होते ते १७ च राहिले. शहरात इंजिन जास्त फिरते खरे, पण तेवढेच काम करायला ॲक्सलरेटर कमी दाबावा लागतो.

एका गोष्टीकडे माझे आधी लक्ष गेले नव्हते. प्रॉपेलर शाफ्टही आता त्याच वेगाला जास्त फिरतो : ताशी ७० मैलांना जवळपास २,९७० ऐवजी ३,३५०. शाफ्टमध्ये किंवा त्याच्या सांध्यांमध्ये किरकोळ दोष असेल तर जी थरथर पूर्वी ऐंशीला जाणवली असती, ती आता सत्तर-एकाहत्तरलाच जाणवेल. माझा शाफ्ट ठीक निघाला, पण जास्त मैल झालेल्या गाडीत क्राउनच्या कामाआधी तो तपासून घ्यावा, नाहीतर दोष शाफ्टचा असायचा आणि बोल क्राउनला लागायचा.

पुण्यातल्या एका मित्राने विचारले, की स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत हे करावे का. त्या पिढीच्या स्वयंचलित जीटीत मूळ रेशो ३.१५ असला तरी पहिला गिअर ४.१७ चा, म्हणजे माझ्यापेक्षा बराच जोरकस आहे, आणि सहा गिअर ती स्वतः झटपट बदलते. तिथे मिळणारा फायदा खर्चाच्या मानाने थोडा वाटतो. मी केला नसता. ४.१० बद्दलही विचारणा होते. रोज हायवेने पन्नास-साठ मैल जाणाऱ्याने तो टाळावा, आणि माझ्या वापराला ३.५५ ही पुरला असता असे आता वाटते. आज पुन्हा निवडायचे झाले तरी मी ३.७३ च घेईन, पण ते ड्रॅग स्ट्रिपसाठी. केवळ रोजच्या रस्त्यासाठी ३.५५ जास्त शहाणपणाचा.

गेल्या महिन्यात ऑइल बदलले. या ॲक्सलला खालून ऑइल सोडायचे बूच नाही, मागचे झाकणच उतरवावे लागते, त्यामुळे दात पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहता आले. चुंबकावर राखेसारखी मऊ पूड होती, बोटाला टोचणारा एकही कण नव्हता. क्राउनच्या दातांवर सगळीकडे सारखी, मंद चकाकी होती. फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला असावा, कारण उत्तर संध्याकाळी आले : "ठसा मध्ये आहे. आता चालव."